‘योग्य उंची’ म्हणजे किती मिलिमीटर?

नागपूरच्या लकडगंज भागातल्या बहुतेक फर्निचर कारखान्यांत लाकूड सपाट करणारं रंधा मशीन असतंच. त्याच्यासोबत आलेली पुस्तिका पान्यांच्या डब्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत पडलेली असते. ती तिथे का पडली आहे, हे एकदा उघडून पाहिली की कळतं. पाती बसवण्याच्या पानावर साधारण एवढंच असतं की पाती योग्य उंचीवर बसवून बोल्ट घट्ट आवळावेत. योग्य म्हणजे किती, ती उंची कशावरून मोजायची, बोल्ट कुठून आवळायला सुरुवात करायची, चुकलं तर लाकडावर काय दिसेल, यातलं काहीही त्या पानावर नसतं. मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणाऱ्या लोखंडी ड्रममध्ये धारदार पाती बसवायची आहेत, आणि ते करणाऱ्या माणसाच्या हाती दिलेली माहिती म्हणजे एक विशेषण.

माझं म्हणणं सरळ आहे. गार्ड, फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) आणि स्विच जसे मशीनचे भाग, तशीच पुस्तिकाही मशीनचाच भाग. गार्डशिवाय आलेलं मशीन आपण अर्धवट म्हणतो. ज्या पुस्तिकेतून पातं बसवता येत नाही, तिच्यासोबत आलेलं मशीनही अर्धवटच म्हणायला हवं. आणि नागपुरात विकल्या जाणाऱ्या मशीनची पुस्तिका इथल्या माणसाची भाषा, इथलं लाकूड, इथली वीज आणि इथलं ऊन धरून लिहिलेली नसेल, तर ती छान कागदावर छापलेली असली तरी अपुरीच आहे.

त्या एका पानावर काय असायला हवं होतं, ते पाहू. मेन बंद करा, प्लग काढून समोर ठेवा. ड्रममधल्या खाचा थिनरच्या फडक्याने पुसा, कारण पात्याखाली भुशाचा एक कण राहिला तरी ते टोक वर उचललेलं राहतं. पातं ड्रमच्या गोलाईबाहेर सुमारे १ मिलिमीटर येऊ द्या, जास्त नको. बोल्ट आधी हलके लावा, मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे जा आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण आवळा. एका टोकाकडून सरळ आवळत गेलं की पातं दुसऱ्या टोकाला सरकतं. सगळी पाती एकत्रच धार लावून आणा. एक घासून अरुंद झालेलं आणि बाकीची रुंद असली तर ड्रमचा तोल जातो, मशीन थरथरतं आणि वर्षभर चालणारी बेरिंग काही महिन्यांत आवाज करू लागतात.

मग तपासणी. फूटभर लांबीची, सरळ रंधलेली सागवानी पट्टी मागच्या बेडवर (रंधून झालेलं लाकूड जिथे जातं त्या टेबलावर) अशी ठेवा की तिचं टोक ड्रमच्या वर येईल. बेडच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलची खूण करा. ड्रम कामाच्या दिशेने हाताने हळूच फिरवा. पातं पट्टीला किंचित धरून पुढच्या बेडकडे ओढेल. तीनेक मिलिमीटर ओढलं तर पातं मागच्या बेडच्या पातळीला बसलं आहे. हेच डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला करा, प्रत्येक पात्याला करा. पट्टी हललीच नाही तर पातं खाली आहे. अशा मशीनवर लाकूड मागच्या बेडच्या ओठाला अडतं, नाहीतर फळी एका टोकाला निमुळती निघते. पट्टी सहा-सात मिलिमीटर सरकली तर पातं वर आहे. फळीचं शेवटचं टोक पुढच्या बेडवरून सुटताच तिथे खड्डा पडतो. तीनपैकी एकच पातं जास्त ओढत असेल तर तेच एकटं कापतंय, आणि फळीवर हात फिरवला की लाटा लागतात.

हे सगळं दोन पानांत आणि चार साध्या रेखाचित्रांत मावतं. यात गुपित काही नाही. जुन्या मिस्त्रीला ते येतं, मशीन बनवणाऱ्या इंजिनिअरला त्याहून चांगलं येतं. तरीही ते पुस्तिकेत नसतं, आणि मिस्त्री गावाला गेला की त्या कारखान्यातली फळी निमुळती निघायला लागते.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडचा सुतार सुतात मोजतो. एका इंचाची आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. प्लाय सहा सूत, पट्टी चार सूत, हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. पण पात्याची एक मिलिमीटर उंची सुतात सांगायला गेलं तर ती एका सुताचा तिसरा हिस्सा होते, आणि त्याच्या टेपवर तेवढी बारीक खूण नसते. म्हणून चांगल्या पुस्तिकेने दोन्ही मापं द्यायला हवीत. जिथे सूत पुरत नाही तिथे मोजायचं साधनही सांगायला हवं: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच), नाहीतर वर सांगितलेली लाकडी पट्टी. केवळ ‘१.० मिमी’ छापून मोकळं होणं म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात काय आहे याचा विचारच न करणं.

पुस्तिका अशा का होतात, हेही समजून घ्यायला हवं. हातात धरायच्या विजेच्या हत्यारांसाठी आयईसी ६०७४५ आणि आता ६२८४१ ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांत सामान्य सुरक्षा सूचनांचा मजकूर ठरवून दिलेला आहे आणि तो जसाच्या तसा छापावा लागतो. कामाची जागा, वीज, स्वतःची काळजी, हत्यार वापरणं आणि सांभाळणं, दुरुस्ती: याच क्रमाने ड्रिल असो, हातरंधा असो, करवत असो, पहिली काही पानं अक्षरशः एकच असतात. सूचना खोट्या नाहीत. पण ज्याने आयुष्यात तीन हत्यारं घेतली, त्याने तीच पानं तीनदा पाहिली, आणि चौथ्या वेळी तो पुस्तिका उघडणार नाही. ठरलेला मजकूर शेवटी घालायला काय हरकत आहे? पहिल्या पानावर या मशीनचं, याच मॉडेलचं काम हवं.

त्यात आणखी एक सवय शिरली आहे. तीन मॉडेलची मिळून एकच पुस्तिका छापायची आणि चित्र चौथ्याच मॉडेलचं घालायचं. चित्रात डावीकडे दिसणारा नट हातातल्या मशीनला उजवीकडे असतो. नवखा माणूस तिथेच थांबतो आणि यापुढे कुणालातरी विचारून काम करायचं असं ठरवतो. ते ‘कुणीतरी’ बरोबर सांगेलच याची खात्री कुणाची?

आता भाषेकडे येतो. मराठी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नागपुरात सुतारकामाला उत्तर प्रदेश, बिहार आणि राजस्थानमधून आलेले कारागीर भरपूर आहेत, त्यामुळे हिंदीही हवी. पण इंग्रजी पुस्तिका घेऊन शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी भाषांतर हा उपाय नाही, कधीकधी तो नवा अडथळाच होतो. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचा उपयोग पाठ्यपुस्तकाला होतो. मशीनपाशी उभा असलेला माणूस मात्र बेड, फेन्स, गार्ड, चाबी, पाना, पुली, पट्टा याच शब्दांत विचार करतो, आणि पुस्तिकेतही तेच शब्द हवेत. जिथे कारखान्यात रुळलेला शब्दच नाही तिथे वस्तूचं वर्णन करावं. टेबल सॉला ब्लेडच्या मागे जी उभी पोलादी पट्टी असते, तिचं नाव आपल्याकडे रुळलं नाही, कारण बहुतेक ठिकाणी ती काढूनच ठेवलेली असते. पुस्तिकेने तिला ‘ब्लेडमागची पट्टी’ म्हणावं आणि लगेच ती कशासाठी आहे ते सांगावं.

ती कशासाठी आहे, हे एकदा नीट कळलं तर कुणीही ती काढणार नाही. लाकडात ताण असतो. उभं चिरताना चिरलेल्या दोन फाळ्या ब्लेडच्या मागे पुन्हा एकमेकींकडे येतात आणि ब्लेडला चिमटतात. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि चिरणाऱ्या माणसाकडे फेकतात. ३०० मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास जातो. मागची पट्टी चीर उघडी ठेवते, म्हणून हा प्रसंग सहसा येत नाही. पण ती पट्टी दातांपासून ३ ते ८ मिलिमीटरवर हवी, आणि तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त पण चिरेच्या रुंदीपेक्षा कमी हवी. चीर ३.२ आणि पत्रा २.२ मिलिमीटरचा असेल तर २.८ची पट्टी चालेल. बाजारात पातळ चिरेचं ब्लेड आणलं, त्याची चीर २.४ निघाली, की तीच २.८ची पट्टी चिरेत शिरत नाही आणि लाकूड पुढे जात नाही. मग कारागीर ती काढून टाकतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ब्लेड बदललं तर पट्टीही बदलावी लागते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं पुस्तिकेचं काम होतं.

फिरत्या बिटने लाकडात खाच पाडणाऱ्या राउटरचंही असंच आहे. कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, बिटची दांडी पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढायची आणि नंतर नट आवळायचा. दांडी तळाला टेकलेली राहिली तर नट आवळताना कोलेट ती नीट पकडत नाही. पाव इंची कोलेट ६.३५ मिलिमीटरचा असतो आणि बाजारात ६ मिलिमीटरच्या दांडीचे बिटही मिळतात. ती दांडी आत जाते, नट आवळल्यावर बसल्यासारखीही वाटते, आणि पूर्ण वेगाला बिट हळूहळू बाहेर सरकतो. खाच खोल होत जाते आणि माणूस मात्र लाकडाला दोष देतो. २५ मिलिमीटरपर्यंतचा बिट पूर्ण वेगाने चालतो. ५० मिलिमीटरच्या पुढच्या बिटला वेग बराच खाली आणावा लागतो. फळीच्या बाहेरच्या कडेने राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलट नेला तर तो हातातून पळतो. ही तीन-चार वाक्यं बिटच्या डब्यावरच मोठ्या अक्षरांत छापायला हवीत.

आता नागपूरचं. इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की ओलं फडकं पाहता पाहता वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांच्या अनेक पुस्तिकांत चार्जिंगची कमाल मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते, तीही मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. चार्जरचा दिवा लुकलुकतो, बॅटरी भरत नाही, आणि बॅटरी खराब निघाली असं समजून माणूस दुकानात जातो. विदर्भात विकल्या जाणाऱ्या हत्याराच्या पहिल्याच पानावर असायला हवं की उन्हाळ्यात बॅटऱ्या सकाळी किंवा रात्री भरा, काम झाल्यावर अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

ओल मोजणाऱ्या मीटरची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथली चूक डोळ्याला दिसत नाही. दोन खिळ्यांचा मीटर लाकडाचा विद्युतरोध मोजतो आणि त्यावरून ओल सांगतो. हा रोध तापमानाने बदलतो. असे मीटर साधारण २० अंशांच्या हिशेबाने लावलेले असतात. ४३ अंशांच्या लाकडात तोच मीटर ओल सुमारे दोन अंकांनी जास्त दाखवतो. १२ टक्के दिसतात तेव्हा प्रत्यक्षात १० असतात. शिवाय लाकडागणिक दुरुस्ती वेगळी. पुस्तिकेतल्या तक्त्यात ओक, बीच, पाइन असतात. सागवान एखादवेळी सापडतं, पण बिजा, हळदू, ऐन, शिवण सहसा नसतात. याचा परिणाम काय, तो आकड्यात पाहा. वाढीची वलयं रुंदीला समांतर येतील अशा चिरलेल्या सागवानी फळीची रुंदी ओल एक टक्क्याने बदलली की साधारण ०.२ टक्क्यांनी बदलते. ३०० मिलिमीटर रुंदीच्या फळीची ओल उन्हाळा ते पावसाळा सहा टक्क्यांनी बदलली तर ती साडेतीन मिलिमीटरने फुगते, म्हणजे एका सुताहून जास्त. मे महिन्यात नेमका बसवलेला दरवाजा ऑगस्टमध्ये चौकटीत अडकतो आणि ग्राहक सुताराला बोल लावतो.

हे सागवान कुठलं? आलापल्लीचं, बल्लारपूरचं. नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून लाकूड रवाना झालं. देशाला असं लाकूड देणाऱ्या भागातल्या सुताराला त्याच लाकडाची दुरुस्तीची ओळ मीटरच्या तक्त्यात मिळू नये, हे मला मान्य होत नाही. सागवानात सिलिका असतं आणि त्यामुळे साध्या हायस्पीड पोलादाच्या पात्यांची धार फार लवकर जाते. धार किती दिवसांनी लावावी याचे पुस्तिकेतले अंदाज पाइनसारख्या मऊ लाकडावर बेतलेले असतील, तर सागवानावर काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. उलट बोथट पात्याने काम रेटल्यामुळे लाकूड जळतं, मोटर तापते आणि हात घसरतो.

विजेचं पान तर बहुतेक पुस्तिकांत नावालाच असतं. ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ इतकं छापलं की झालं. उन्हाळ्यात सगळ्या वस्तीत कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यात दोन हॉर्सपॉवरचं सिंगल फेज मशीन ३० मीटरच्या, पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरवर चालवलं तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध १.४ ओहम. चालताना मोटर १० अँपिअर घेते, म्हणजे १४ व्होल्ट वायरमध्येच गेले. सुरू होताना करंट पाच-सहा पट होऊ पाहतो आणि घटही कित्येक पटींनी वाढते. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून १८० व्होल्टवर ती जेमतेम ६० टक्के उरते. मोटर घुमते पण वेग धरत नाही, सुरुवातीच्या वाइंडिंगचा स्विच सुटत नाही आणि काही सेकंदांत ते वाइंडिंग जळतं. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर चालताना जेमतेम चार व्होल्ट गेले असते. किती मीटरला किती जाडीची वायर, असा चार ओळींचा तक्ता पुस्तिकेत असता तर ती मोटर वाचली असती. मोटर पुन्हा भरून घ्यायला लागणारा पैसा आणि बुडालेले दिवस कारखान्याच्या खिशातून जातात, पुस्तिका छापणाऱ्याच्या नाही.

थ्री फेजला याहून एक साधी चूक होते. तीनपैकी दोन वायर उलट लागल्या की मोटर उलटी फिरते. गोल करवतीचा नट असा दिलेला असतो की ब्लेड सरळ फिरताना तो आवळला जावा. उलट फिरलं की तोच नट सैल व्हायला लागतो. म्हणून पहिल्यांदा जोडणी करताना पट्टा उतरवून, ब्लेड काढून मोटरला क्षणभर वीज द्यायची आणि अंगावरच्या बाणाशी दिशा ताडून पाहायची. पुस्तिका फक्त ‘दिशा तपासा’ म्हणते. कशी तपासायची, ते सांगत नाही, आणि मग दिशा तपासली जाते ती ब्लेड लावलेलं असताना.

सगळ्यांत जास्त जीव दुखतो तो मार्बल कटरच्या बाबतीत. शहरात साइटवर प्लाय कापायला चार इंची मार्बल कटर सर्रास वापरला जातो, गार्ड काढून, लाकडाचं दातेरी ब्लेड लावून. स्वस्त आहे, हलका आहे, कुठेही मिळतो. पण तो दगडासाठी बनवलेला आहे. त्याचा वेग मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांचा, तर लाकडाच्या सात इंची हातकरवतीचा पाच-साडेपाच हजारांचा. लाकडाच्या करवतीला ब्लेड लाकडाबाहेर येताच आपोआप मिटणारं खालचं गार्ड असतं. मार्बल कटरला ते नसतं. दगडावरच्या चकतीला दात नसतात, म्हणून ती अडकली तरी झटका त्यामानाने कमी. दातेरी ब्लेड प्लायमध्ये चिमटलं की कटर उलटा अंगावर येतो. पुस्तिकेत काय असतं? लाकडी ब्लेड वापरू नका, एवढी एक ओळ, किंवा तीही नाही. यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातच, आयएसओ १२१०० मध्ये, माणूस यंत्र चुकीचं कसं वापरेल याचा आधी अंदाज घ्या, असं सांगितलं आहे. इथे अंदाजाचीही गरज नाही, गल्लीत जाऊन पाहिलं की दिसतं. मग लिहा ना पुस्तिकेत की तुम्ही हा लाकडाला वापरणार हे आम्हाला ठाऊक आहे; तो का वापरू नये ते असं; त्याऐवजी कुठलं हत्यार घ्यावं ते असं; त्यात ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा तीन ते सहा मिलिमीटरच जास्त ठेवा, १८च्या प्लायला २१ ते २४. नुसती मनाई लिहिली की कंपनीची जबाबदारी संपते, पण कारागिराची बोटं वाचत नाहीत.

भुशाबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. पुस्तिका मात्र ‘मास्क वापरा’ म्हणून मोकळी होते. कुठला मास्क, आणि मशीनच्या भुसा-नळीचा व्यास किती म्हणजे आपला व्हॅक्युम तिला बसेल, ते नाही.

सुट्या भागांचं पान माझ्या मते पुस्तिकेचं सगळ्यांत प्रामाणिक पान असायला हवं, आणि तेच आज सगळ्यांत आडवळणाचं झालं आहे. बेरिंगसमोर कंपनीचा स्वतःचा आठ आकडी क्रमांक असतो. ते बेरिंग बहुधा ६२०५ असतं, आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर, आणि ते इतवारीच्या लोहाओळीत किंवा सेंट्रल अव्हेन्यूवर लगेच मिळतं. क्रमांक लपवला की माणूस कंपनीकडून पार्सल येण्याची वाट पाहत बसतो. व्ही पट्ट्याचा छेद आणि लांबी, कार्बन ब्रशची मापं आणि ते पाच-सहा मिलिमीटर उरले की दोन्ही एकत्र बदला ही सूचना: ही माहिती मशीनच्या मालकाची आहे, विक्रेत्याची नाही.

यावर नेहमी एक उत्तर येतं: आपला कारागीर वाचत नाही. मला हे पटत नाही. तोच कारागीर मोबाइलवर ब्लेडच्या दातांचे आकडे वाचून तुलना करतो, लॅमिनेटच्या कॅटलॉगमधून नंबर शोधतो, ग्राहकाच्या नकाशावरून कपाट उभं करतो. वाचून काही मिळत असेल तर तो वाचतो. दुसरं उत्तर व्हिडिओचं. व्हिडिओ चांगलेही आहेत, पण त्यांत दाखवलेलं मशीन आपलं नसतं, मिलिमीटरचा आकडा बोलण्यात हरवतो, आणि अनेक व्हिडिओंत गार्ड काढूनच काम दाखवलेलं असतं. हात भुशाने भरलेले असताना तो नेमका क्षण शोधत बसणंही होत नाही. मशीनवर चिकटवलेला तक्ता मान वर केली की दिसतो. व्हिडिओ असू द्या, पण पुस्तिकेच्या सोबत. कंपनीने आपल्याच मॉडेलचा व्हिडिओ करून त्याचा क्यूआर कोड पातं बसवण्याच्या पानावर दिला तर उत्तमच.

कायद्याकडे पाहिलं तर वाट बंद नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्र निर्देशाप्रमाणे मशीन ज्या देशात विकायचं त्या देशाच्या भाषेत पुस्तिका द्यावीच लागते, आणि भाषांतर असेल तर तसं तिच्यावर छापावं लागतं. म्हणजे इथल्याच एखाद्या कारखान्याचं मशीन जर्मनीला गेलं तर त्यासोबत जर्मन पुस्तिका जाते, आणि तेच मशीन नागपूरजवळच्या हिंगण्याला आलं की इंग्रजी पुरते. आपल्याकडे पॅकबंद मालाच्या २०११च्या नियमांत खोक्यावरचा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असला की चालतो. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ८४ आहे: वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे नसल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार धरला जातो. आणि स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी हत्यार घेणारा माणूस या कायद्यात ग्राहकच आहे. न वाचता येणाऱ्या भाषेतली सूचना ‘पुरेशी’ म्हणायची का, हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे नीट मांडायला हवा. १९४८च्या कारखाना कायद्यानेच सूचनाफलक बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावण्याची अट घातली होती. फलकाला जो न्याय लावला तो पुस्तिकेला का नको?

याहून लवकर होण्यासारखं एक काम सरकारच्या स्वतःच्या हातात आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. आयटीआयसाठी मशीन विकत घेतली जातात, जिल्हा परिषदांच्या योजनांत हत्यारांचे संच वाटले जातात. या प्रत्येक खरेदीच्या अटींत एक ओळ घालावी: मराठी आणि हिंदी पुस्तिका, त्यात या मॉडेलची मापं आणि तपासणीच्या पायऱ्या, सुट्या भागांचे बाजारातले क्रमांक, आणि हे तपासून झाल्याशिवाय शेवटच्या दहा टक्क्यांचं बिल निघणार नाही. ज्या कंपनीला सरकारी ऑर्डर हवी ती पुस्तिका तयार करेल, आणि एकदा तयार झाली की तीच लकडगंजच्या दुकानातल्या खोक्यातही जाईल.

तपासायचं कसं, तेही अवघड नाही. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गातला एक विद्यार्थी घ्यावा, ज्याने ते मशीन आधी पाहिलेलं नाही. वीज तोडलेलं मशीन आणि पुस्तिका त्याच्यासमोर ठेवावी, पाती काढून पुन्हा बसवायला सांगावं. निदेशकाने बाजूला उभं राहावं आणि धोका दिसल्याशिवाय एक शब्द बोलू नये. विद्यार्थी जिथे थांबला, जिथे त्याने मान वर करून पाहिलं, त्या ओळीसमोर पेन्सिलने खूण करावी. शेवटी लाकडी पट्टी ठेवून तिन्ही पाती किती ओढतात ते मोजावं. खुणा केलेल्या ओळी कंपनीकडे परत पाठवाव्यात, आणि सुधारलेली पुस्तिका आली की ती दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी.